बिनबटणांचा कोट

देह हे उसनं वस्त्र आहे, वापरून झालं की जसं मिळालं तसं परत करायचं, असं सांगणारे सांगून गेले. ऐकणारे माना डोलावतात आणि घरी पोचेपर्यंत विसरतात. कारण देह परत न्यायला जो येतो तो सहसा आधी फोन करत नाही. सूनबाईच्या धंद्यात मात्र वस्त्र खरोखरीच उसनं असायचं आणि ते परत न्यायला येणारा माणूस सकाळपासून तासातासाला फोन करायचा. त्यामुळे बिचारीला अध्यात्म जरा लहान वयातच कळलं होतं.

सूनबाई फॅशनच्या फोटोंसाठी वेशयोजना करायची. हा धंदा सासूबाईंना समजावून सांगण्याचा प्रयत्न लग्नापासून चालू होता.

"म्हणजे तू कपडे शिवतेस?"

"नाही आई."

"विकतेस?"

"नाही."

"घालतेस तरी का?"

"दुसऱ्यांना घालायला लावते."

सासूबाई म्हणाल्या, "ते तर मी तुझ्या नवऱ्याच्या लहानपणी रोज करत होते. मांडीत दाबून धरून. मला नाही कुणी मासिकात छापलं."

छापलं तसं सूनबाईलाही अजून कुणी नव्हतं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली होती. त्यांच्या पिशव्या वाहायच्या, त्यांच्या कपड्यांच्या सुरकुत्या वाफेने काढायच्या, बुटांचे तळ मळू नयेत म्हणून त्यांना खालून पट्टी चिकटवायची, आणि मासिक आलं की दुसऱ्याच कुणाचं नाव वाचून "छान झालंय" म्हणायचं. आणि आता, एकदाची, सहा पानं तिची स्वतःची होती. पानांच्या शेवटी बारीक अक्षरांत 'वेशयोजना' आणि त्यापुढे तिचं नाव. बाकी मागणं काही नव्हतं. मोक्षसुद्धा तिने पुढच्या अंकावर ढकलला होता.

या सहा पानांचा जीव एका कोटात होता. लोकरीचा, पायघोळ, हळदीच्या रंगाचा कोट. धंद्यात जिला नुसतं 'बाई' म्हणत, अशा एका मोठ्या डिझायनर बाईने तो केला होता, आणि असा एकच होता. त्याला बटणं नव्हती. बटणं नसणं हीच त्यातली कला होती. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की हा कोट म्हणजे 'मोकळेपणाशी केलेला संवाद' आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विमानाने एका प्रदर्शनाला जायचा होता, म्हणून आज संध्याकाळी गोदाम बंद व्हायच्या आत, जसा नेला तसा, परत. त्याला साधा डाग लागला तरी बाईच काय, गावातलं कुणीही पुन्हा सूनबाईला हातरुमालसुद्धा उसना देणार नव्हतं. आणि जिला कुणी कपडे उसने देत नाही ती वेशयोजना कशाची करणार? पडद्यांची?

त्यातून स्टुडिओने ऐन वेळी दगा दिला. कुठल्याशा टूथपेस्टची जाहिरात आदल्या दिवशी संपायची ती संपलीच नाही. दात हवे तसे चमकेनात. तेव्हा फोटो घरीच काढायचे ठरलं. घराची बाल्कनी आणि इमारतीची गच्ची. फोटो काढणारा तिचा जुना सहकारी होता. सगळे त्याला उजेडराव म्हणायचे, कारण उजेडाखेरीज त्याला जगात काही दिसत नसे. घरात शिरताच त्याने सासूबाईंच्या पाया पडता पडता वर बघितलं आणि म्हणाला, "वा! कपाळावर काय सुंदर पडलाय!"

"काय पडलं?" म्हणून सासूबाईंनी कपाळ चाचपलं.

मॉडेल मुलगी आली ती दारात वाकून. उंच, सडपातळ आणि गरीब स्वभावाची. कोट तिच्याहूनही उंच आणि चांगली दीड मुलगी मावेल एवढा रुंद होता. आता ह्या धंद्यातली एक गुप्त गोष्ट सांगायला हरकत नाही. मासिकात कपडे जे अंगाबरोबर बसलेले दिसतात ते बसलेले नसतात. पाठीमागून मूठभर कापड गोळा करून त्याला क्लिपा मारलेल्या असतात. समोरून राणी, मागून दोरीवरची चादर. सूनबाईच्या क्लिपांचा डबा त्या टूथपेस्टवाल्या स्टुडिओत राहिला होता. तेव्हा तिने घरचे कपडे वाळत घालायचे चिमटे घेतले आणि मुलीच्या पाठीवर मानेपासून कंबरेपर्यंत ओळीने लावून टाकले. लाल, निळे, आणि एक लाकडी.

मुलगी बाल्कनीत उभी राहिली, तोंड घराकडे, पाठ रस्त्याकडे. उजेडराव खूश, सूनबाई खूश. आणि पाचच मिनिटांत समोरच्या इमारतीतल्या काकू दार वाजवत हजर.

"गरीब आहे का गं ती?" काकूंनी हळू आवाजात विचारलं.

"कोण?"

"ती. मापाचा कोटसुद्धा नाही बिचारीला. आणि बटणं बघ, एकसुद्धा राहिलेलं नाही. माझ्या भाचीचा एक पडलाय, जांभळा. आणू?"

सूनबाईने काकूंना मोकळेपणाशी केलेल्या संवादाबद्दल सांगितलं. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि जाताना सासूबाईंच्या कानात म्हणाल्या, "जांभळा चांगला उबदार आहे हो."

सासूबाईंच्या मनात बी पडलं ते इथे.

जेवणाच्या सुट्टीत गच्चीची भानगड निघाली. इमारतीचे सेक्रेटरी जिन्यात वाट अडवून उभे होते. नियमावर त्यांची श्रद्धा अशी की स्वतःच्या घरात शिरतानाही पायपुसणं मंजूर आहे का ते बघत. "गच्ची फक्त कपडे वाळत घालण्यासाठी आहे," ते म्हणाले. "फोटोसाठी नाही."

सूनबाईच्या अंगात त्या दिवशी सरस्वती संचारली होती. "कपडेच तर आहेत," ती म्हणाली. "चिमटेसुद्धा लावलेत."

"पण आत माणूस आहे."

"कपडे रिकामेच असले पाहिजेत, असं आहे का नियमात?"

 एवढ्या वर्षांत हा मुद्दा कुणी काढला नव्हता. सेक्रेटरी नियम बघायला घरी गेले, मागोमाग सूनबाईही गेली, आणि दोघांनी मिळून गच्चीची सगळी कलमं वाचली. कबुतरांबद्दल होतं, पाण्याच्या टाकीबद्दल होतं, कपड्यांच्या आत कुणी असण्याबद्दल काहीच नव्हतं. शेवटी सेक्रेटरींनी अंधार पडेपर्यंत 'वस्त्र वाळवण्याची' परवानगी दिली, पण त्यांचा चेहरा दुखावला होता. नियम कमी पडला की असा माणूस आतून हलतो.

तेवढ्या वेळात खाली स्वयंपाकघरात जे झालं ते असं. सूनबाईने कोटाला डाग लागू नये म्हणून मुलीला पुढून चादर बांधली होती आणि "कोट काढू नकोस गं, पुन्हा चिमटे लावायला वेळ नाही," म्हणून बजावलं होतं. मुलगी स्टुलावर बसून जेवत होती, पण टेकता येत नव्हतं. पाठीत चिमटे टोचत होते. सासूबाईंनी दोन घास जास्त वाढले, आणि तिच्या पाठीकडे बघितलं.

"बाळ, टोचतंय?"

"सवय आहे आजी."

'सवय आहे' ह्या दोन शब्दांनी घात केला. मायाळू माणसाला कुणाचं दुःख एक वेळ बघवेल, पण दुःखाची सवय बघवत नाही. सासूबाईंनी शिवणाचा डबा काढला. आणि प्रारब्ध बघा, त्यात नेमका हळदीच्या रंगाचा दोरा होता.

सूनबाई परत आली तेव्हा उजेडराव जिन्यातून ओरडत होता की उजेड चालला, उजेड चालला. तिने मुलीकडे बघितलं. चिमटे गायब. कोट अंगाबरोबर बसलेला, जणू मुलगी त्यातच जन्मली होती.

"आई, चिमटे?"

"काढले. टोचत होते लेकराला."

"मग कोट बसतोय कसा?"

"बसवला," सासूबाई म्हणाल्या. हे पुढे ध्यानात ठेवायला हवं, की त्या माउलीने एकही शब्द खोटा सांगितला नव्हता.

कोट पुढूनही मिटलेला होता. सूनबाईला ते खटकलं. मोकळेपणाशी संवाद चालू असताना मधेच दार लावून घेतल्यासारखं दिसत होतं. पण उघडे फोटो सकाळीच झाले होते, आणि आतून पिना लावल्या असतील, असं ती धरून चालली. माणूस धरून चालतो तिथेच खड्डा असतो.

गच्चीवर मात्र नवल झालं. आजवर मॉडेल म्हणजे समोरून बघायची गोष्ट होती. वळली की चिमटे दिसणार, वाकली की एखादा उडून उजेडरावच्या डोळ्यात जाणार. आज ती वळली. पळाली. टाकीवर चढून बसली. पाठमोरी उभी राहून वाऱ्याला हात पसरले. उजेडराव नाचायचाच बाकी होता. "अगं, ही मागूनसुद्धा आहे!" तो म्हणाला. खालच्या मजल्यावरची शाळकरी पोर मधूनच येऊन उभी राहिली. तिने स्वतःच्या फ्रॉकला मागून तीन चिमटे लावले होते. "हल्ली असंच घालतात ना ताई?" तिला आता कोण सांगणार की फॅशन सकाळीच जुनी झाली?

सूर्य टाकीमागे गेला. काम झालं. सूनबाईने हँगर पुढे केला. "दे गं कोट."

मुलीने खांदे हलवले. मग कोपर हलवलं. मग घाबरून म्हणाली, "ताई, हा निघत नाही."

"निघत नाही म्हणजे?"

"निघेल कसा?" सासूबाई जिन्याच्या दारातून म्हणाल्या. "शिवलाय."

 उजेडरावने कॅमेरा खाली घेतला.

"शिवला," सूनबाई म्हणाली. "कुठे शिवला?"

"पाठीला दोन चुण्या घेतल्या. पुढून गळ्यापासून गुडघ्यापर्यंत मिटवून टाकला. बटणं सगळी पडलेली होती गं, पोर गारठली असती. आणि सरकू नये म्हणून आतल्या बनियनलाही चार-चार टाके घातले."

"अंगावर असताना?"

"मग काय तिला उघडी बसवू?"

सूनबाई खाली बसली. तिच्या डोळ्यांपुढून सहा पानं एकेक करून उडून गेली. उसवायचं म्हटलं तर टाके दिसतच नव्हते. सासूबाईंचं शिवण म्हणजे दोरा कापडात शिरला की संन्यास घेतो, पुन्हा दिसत नाही. कात्री लावायची तर दोरा कुठे आणि कोट कुठे हे कळेना.

एव्हाना इमारत जमली होती. काकू म्हणाल्या, आधी मुलीला झोपवा. सेक्रेटरी म्हणाले, आपल्याकडे जिना धुवायचा साबण आहे, बोटात अंगठी अडकली की निघते. उजेडराव म्हणाला, मुलगी बनियनसकट वर ओढू, दोघेजण टाकीवर चढू. "आणि मान?" मुलीने विचारलं. मानेचा विचार कुणी केला नव्हता. काकूंनी तेवढ्यात जांभळा कोट आणलाच होता, तो त्यांनी हळदी कोटावरून मुलीच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या, "मी सकाळीच सांगत होते."

आणि त्याच क्षणी, धर्मकथेत येतो तसा वेळेवर, गोदामाचा मास्तर आला. हातात रिकामं प्लास्टिकचं आवरण, खिशाला पेन. त्याला हँगरमास्तर म्हणत. न्यायला येणाऱ्याने हसू नये असा त्याच्या खात्यातला संकेत असावा.

"कोट," तो म्हणाला.

"हा इथे," सूनबाईने मुलीकडे बोट दाखवलं.

हँगरमास्तरने मुलीला एक प्रदक्षिणा घातली. "हा हँगरवर नाही."

"नाही."

"आम्ही हँगरवरच घेतो. कोटाची पावती आहे माझ्याकडे. मुलीची नाही."

"अहो, आत एक टाका अडकलाय थोडा..."

"आत काय आहे तो तुमचा प्रश्न. गोदाम बंद व्हायच्या आत कोट रिकामा पाहिजे. नाही आला तर मी 'परत नाही' असं लिहीन. मग बाई जाणे आणि तुम्ही जाणे."

सूनबाईने एकच विचार केला: कोट वेळेत गोदामात पोचला पाहिजे, आतली वस्तू तिथे काढता येईल. तिने मुलीला उभं केलं. "चला. आई, सुई घ्या. कुठला टाका कुठे आहे ते तुम्हालाच माहीत."

गेटवर सेक्रेटरी आडवे आले. "नोंद हवी. सामान जातंय की पाहुणी?"

"दोन्ही," सूनबाई म्हणाली.

"एका रकान्यात दोन्ही बसत नाही हो." पण टॅक्सी सुटली होती.

त्या टॅक्सीत पुढे हँगरमास्तर बसला, मांडीवर रिकामं आवरण घेऊन, जणू कुणाच्या तरी प्राणांची वाट बघत. मागे मधोमध मुलगी, पाय दुमडून, डोकं छपराला लागलेलं. एका बाजूला सूनबाई आणि दुसऱ्या बाजूला सासूबाई, चष्मा नाकावर, सुई हातात. गाडी चालत असताना सुई कोटाला लावायची नाही, असं सूनबाईने बजावलं. तेव्हा लाल दिवा लागला की सासूबाई टाका उचलायच्या, हिरवा झाला की हात जोडून बसायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच सूनबाई लाल दिव्यासाठी देवाला आळवत होती. ड्रायव्हरलाही कथा कळली. तो भला माणूस पिवळ्यालाच थांबायला लागला. मागच्या गाड्या शिव्या देत होत्या.

"आजी, गुडघे मोकळे झाले!" मुलगी म्हणाली.

"हो ना बाळ? आता पोट."

"आई," सूनबाई म्हणाली, "मला एवढंच हवं होतं हो. माझं नाव. एकदा."

सासूबाईंचा हात थांबला.  पुढच्या लाल दिव्याला मात्र त्यांनी दोन टाके उचलले.

गोदामात बाई स्वतः उभ्या होत्या. पांढरे आखूड केस, काळे कपडे आणि असं मौन की समोरच्याने आपण होऊन गुन्हा कबूल करावा. दारातून आधी हँगरमास्तर आला, मग सूनबाई, मग सासूबाईंच्या सुईला बांधल्यासारखी वाकून चालणारी मुलगी, तिच्या खांद्यावर जांभळा कोट.

सूनबाईने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. बाईंनी टेबलावरचा मोठा दिवा पेटवला आणि बोटाने खूण केली, बसा.

सासूबाई बसल्या. भर उजेडात त्यांना आपलेच टाके दिसायला लागले आणि एकेक निघायला लागला. हँगरमास्तर घड्याळाकडे बघत होता. मुलगी उभ्याउभ्या पेंगत होती. सूनबाई दोन्ही हातांत हँगर धरून उभी होती, जणू ते ओवाळणीचं तबक असावं. बाई टाक्यांवर वाकल्या. मग म्हणाल्या, "एक विचारू? ह्याला बटणं का नाहीत, ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं ना सूनबाईने. मोकळेपणा का काय ते." सासूबाईंनी दोरा दातांनी ओढला. "पण बाई, वारा समोरूनच येतो."

सूनबाईने डोळे मिटून घेतले. धरणी दुभंगावी अशी प्रार्थना केली, पण गोदामाला फरशी पक्की होती.

 डोळे उघडले तेव्हा तिला असं वाटलं, की बाईंनी आपल्या गळ्याजवळचं वरचं बटण हळूच लावलं.

शेवटचा टाका निघाला. मुलगी साप कात टाकतो तशी कोटातून बाहेर आली आणि जांभळ्या कोटात शिरली. हँगरमास्तरने भिंग घेऊन हळदी कोट इंच इंच तपासला. भोक नाही. डाग नाही. तो चांगलाच निराश झाला. पण खिशात हात घातल्यावर त्याचा चेहरा उजळला. आत एक लाकडी चिमटा होता.

"हे काय?"

"हरवू नये म्हणून ठेवला हो," सासूबाई म्हणाल्या.

"हा आमचा नाही," हँगरमास्तर गंभीरपणे म्हणाला. "जास्तीचं सामान आम्ही ठेवत नाही." आणि त्याने रीतसर पावती करून चिमटा परत केला. कोट हँगरवर चढला. गोदाम बंद झालं.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या.

पहिली म्हणजे बाईंच्या गोदामातून कपडे उसने नेणाऱ्यांच्या शर्तींत एक नवीन शर्त आली: 'दिलेले वस्त्र कोणत्याही व्यक्तीच्या अंगावर असताना, त्या व्यक्तीसह, शिवू नये.' थोड्याच दिवसांत बाकीच्या गोदामांनीही ती उचलली. धंद्यात तिला सासूबाईंचं कलम म्हणतात. नवे लोक सही करताना विचारतात, असं कुणी केलं होतं का, आणि जुने लोक खुर्ची ओढून कथा लावतात. सेक्रेटरींनीही गच्चीच्या नियमांत 'रिकामे' हा शब्द घातला तेव्हा कुठे त्यांना झोप लागली.

सासूबाईंना हे समजल्यावर त्या आठवडाभर ताठ चालल्या. "एवढ्या मोठ्या लोकांनी माझ्यावरून नियम केला," त्या काकूंना खिडकीतून म्हणाल्या. "नियम! सूनबाईवरून अजून काही झालेलं नाही. पण होईल."

दुसरी गोष्ट म्हणजे मासिक आलं. सहा पानांतलं सगळ्यांत मोठं चित्र गच्चीवरचं होतं: पाठमोरी मुलगी, पसरलेले हात, अंगाबरोबर मिटलेला हळदी कोट. बाईंनीच म्हणे ते निवडलं. कोटाच्या माहितीत एक वाक्य वाढलं होतं: 'मोकळेपणाशी केलेला संवाद, आणि कधीकधी अबोला.'

सूनबाईने सहांतलं शेवटचं पान उलटलं. फोटो: उजेडरावचं खरं नाव, ठळक. मग 'वेशयोजना'. आणि त्यापुढे, अंकाच्या बरोबर मधोमध, जिथे पानं दुमडतात तिथे, दोन पिना मारलेल्या. एक पीन तिच्या नावातून आरपार गेली होती. बाकीचं दुमडीत गडप. इतक्या वर्षांनी नाव छापलं, आणि छापखान्याने ते टाचून ठेवलं.

ती मासिक टेबलावर ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. पाठीमागे डबा उघडल्याचा आवाज झाला.

सासूबाईंनी चष्मा लावला, अंक मधोमध उघडून दिव्याखाली धरला आणि सुईच्या टोकाने पिनेचा एक पाय उचलला. मग दुसरा. मग दुसऱ्या पिनेचे दोन्ही. दुमडीवरून त्यांनी अंगठा फिरवला, कपड्याची घडी मोडावी तसा. आणि तिथे सूनबाईचं नाव होतं. आडनावासकट, पूर्ण, मधे दोन बारीक भोकं.

सासूबाई खिडकीपाशी आल्या, सूनबाईला जरा बाजूला सारलं आणि समोरच्या इमारतीकडे तोंड करून, शाळेत हजेरी घेतात तशा खणखणीत आवाजात ते नाव वाचलं. काकूंनी ऐकलं. सेक्रेटरींनी ऐकलं. खालच्या मजल्यावरच्या पोरीने दोनदा ऐकलं, कारण तिच्यासाठी पुन्हा वाचावं लागलं.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, समोरूनच, आणि पिना नसलेलं मासिक सुटून घरभर झालं. एक पान पलंगाखाली, एक पंख्यावर, टूथपेस्टच्या जाहिरातीचे दात थेट स्वयंपाकघरात.

"आई!" सूनबाई हसत आणि डोळे पुसत पानांमागे धावली. "उसवलं सगळं!"

"उसवू दे," सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "शिवते मी. हे काही उसनं नाही."